बोटीची उजवी बाजू

१

इसाबुरो मोचिझुकी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी आणि दुसऱ्यांची विमानं घासत आला. शिझुओकात बोटी-विमानांचे प्लास्टिकचे छोटे नमुने करणारे कारखाने आहेत. त्यातल्याच एका कारखान्यात तो पोलादी साचे गुळगुळीत करायच्या कामाला होता. त्या साच्यांतून निघालेली विमानं कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांच्या हाती गेली, पण त्याच्या स्वतःच्या घरात एकही नमुना नव्हता. ठेवायचा कुठे? दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बायको.

"आणि बायको म्हणजे? मी जागा अडवते का?" फुसाए म्हणायची.

"तसं नव्हे गं."

"तसंच. म्हणा की एकदा मोकळेपणानं."

कामावरून सुटल्यानंतरची वर्षंही अशीच गेली. मग एका हिवाळ्यात याइझू बंदरातून किनुएवहिनींचा फोन आला. वसंतात तोराकिचीचं शेवटचं श्राद्ध करायचं ठरलं होतं.

तोराकिची हा इसाबुरोचा थोरला भाऊ, किनुएवहिनींचा नवरा. गळाच्या काठ्यांनी कात्सुओ मासा मारणाऱ्या बोटीवर होता. एका वसंतात बोट गेली ती परत आलीच नाही. माणसं नाहीत, फळकूटसुद्धा नाही. देवळाच्या आवारात त्याच्या नावानं जी पेटी पुरली, तिच्यात केसांची एक बट आणि लोकरीची टोपी, बस. श्राद्धं मात्र वेळच्या वेळी होत गेली. आता शेवटचं. ते झालं की त्या माणसाचं वेगळं नाव घ्यायचं नाही. तो सगळ्या पितरांत मिसळला, पोचला, असं धरायचं आणि घरच्यांनी मोकळं व्हायचं.

फोन खाली ठेवून इसाबुरोनं शेगडीच्या मेजाशी रजईत पाय घातले.

"मी दादाची बोट करणार," तो म्हणाला. "मापात. खऱ्या बोटीवर जे जे होतं ते सगळं, त्याच प्रमाणात लहान केलेलं. श्राद्धाला देवळात मांडायची. ज्या बोटीतनं गेला तिच्यातनंच घरी आला, एवढं तरी वाटेल."

फुसाएनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. दोन वर्षांपासून त्याला कंप होता. चहाचा पेला उचलला की पेल्यातलं पाणी शहारायचं.

"गाद्यांचं कपाट रिकामं करते," ती म्हणाली. "तिथे बसा."

२

भिंतीत खोल गेलेलं, सरकत्या दारांचं कपाट इकडे प्रत्येक घरात असतं तसंच हे होतं. मधोमध एक भक्कम फळी, वर गाद्या, खाली अडगळ. दारं काढून ठेवली तर ती फळी मेजासारखी होते आणि खालच्या कप्प्यात पाय सोडून बसता येतं. युक्ती गेन्गोची. गेन्गो कारखान्यातला जुना सोबती, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ.

"इसा, सुतारानं तुझ्या कमरेचं माप घेऊनच फळी टाकलीय रे," पट्टी लावून बघत तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुझं मेज या घरात गाद्या घेऊन उभं होतं, आणि तू म्हणतोस जागा नाही!"

दोघांनी मिळून सगळं लावलं. फळीवर, जिच्यावर ठेवून कापायचं ती हिरवी रबरी चटई. डावीकडे भिंग लावलेला दिवा. उजवीकडे चिमटे, बारीक कात्र्या आणि पॉलिश कागदाच्या पट्ट्या, खरखरीतपासून रेशमासारख्यापर्यंत ओळीनं. कोपऱ्यात रंग फवारायचा खोका. त्याच्या पंख्याला जाड लवचीक नळी जोडून तिचं तोंड खिडकीबाहेर काढलं.

"नळी नीट बाहेर राहू दे हं," गेन्गो म्हणाला. "रंगाची वाफ डोक्यात गेली तर फुसाएवहिनी देखण्या दिसायला लागतील तुला."

"मग नळी स्वयंपाकघरात सोडा, गेन्गोभाऊजी," आतून आवाज आला. "मलाही हे जरा देखणे दिसू देत."

फुसाए खालचा कप्पा पुसत होती. पुसता पुसता थांबली. फडकं ओलं झालं होतं. तिनं ते नाकाशी नेलं.

"हिवाळ्यात ओल कुठली?"

"बंद होतं ना इतकी वर्षं," गेन्गो म्हणाला. "बंद जागेला घाम येतो."

मग तिनं ते पुन्हा पुसलं. जाताना गेन्गोनं सासुरवाडीहून आलेली संत्र्यांची पेटी दारात ठेवली. फुसाएनं लगेच हिरव्या चहाची पुडी त्याच्या हातात कोंबली. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही. आलेल्या भेटीच्या निम्म्या मोलाचं तरी काहीतरी उलट जायलाच हवं. ही रीत तिच्या हाडांत होती, आणि इसाबुरोच्याही.

३

बोटीचा एकच फोटो होता. धक्क्यावरून काढलेला, डाव्या अंगाचा. पुढच्या टोकाची लांबलचक नाळ, माणसं ओळीनं बसायचा कठडा, कठड्याखाली पाण्याचे फवारे मारणाऱ्या नळ्या, मधे आमिषाच्या जित्या सार्डिन माशांची टाकी. डावी बाजू त्यानं भिंगाखाली बघून बघून पाठ केली. उजवी बाजू कुणी पाहिली होती? डावीसारखीच असणार, असं धरून चालायचं.

सकाळची कामं उरकली की तो कपाटात तोंड घालून, खोलीकडे पाठ करून बसायचा. प्लास्टिकच्या पत्र्याचा सांगाडा झाला. मग बारीक काम आलं आणि हातानं दगा द्यायला सुरुवात केली. नळीचा एखादा तुकडा चिमट्यात धरावा, हात कापावा, टिच् करून तुकडा उडावा आणि खालच्या कप्प्यातल्या अंधारात जावा. मग म्हातारा गुडघ्यांवर उतरून, विजेरी घेऊन, गाल फळीला टेकवून शोधत बसे. सापडत नसे. हे काम करणाऱ्या सगळ्यांना हा अनुभव आहे. पडलेला तुकडा म्हणजे गेलेला तुकडा, दुसरा करावा.

एके दिवशी नाळेवरचा छोटा दिवा पडला. त्याच्यावर त्याची अख्खी दुपार गेली होती. तो चरफडला आणि उठून गेला.

सकाळी दिवा हिरव्या चटईवर होता. बरोबर मधोमध. चटईवर चौकटी छापलेल्या असतात, त्यांतल्या रेषांना समांतर.

"तुला सापडला वाटतं," तो फुसाएला म्हणाला.

"काय?"

"दिवा. बोटीचा."

"तुमच्या त्या पसाऱ्याला मी हात लावते का? उद्या म्हणाल, हिनं हरवलं."

इसाबुरो हसला. मग आपणच उचलून ठेवला असेल आणि विसरलो असू. या वयात माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो. त्यानं दिवा उचलला. बोटाला ओलसर लागला. ते त्यानं मनावर घेतलं नाही.

पण पुढच्या दिवशी हरवलेल्या नळ्याही आल्या. सगळ्या रेषांना धरून, लहानापासून मोठ्यापर्यंत.

४

फुसाएनं एक कापड शिवून दिलं. ही कारागिरांची जुनी युक्ती. कापडाची एक कड फळीला टाचायची, दुसरी गळ्यात बांधायची, म्हणजे मांडीवर झोळी होते आणि पडलेलं झोळीत राहतं.

"बाळच झालात अगदी," ती म्हणाली. "लाळेरं बांधलंय."

झोळी उत्तम चालली. त्या दुपारी ऊन थेट खोलीत आलं होतं, गल्लीतून रॉकेलवाल्याच्या गाडीचं गाणं वाजत गेलं. इसाबुरो कठड्याची खुंटी बसवत होता. ती निसटली आणि झोळीत पडली. तो हात घालणार एवढ्यात कापड खालून वर आलं.

हळूच. पोळीखाली वाफ धरावी तसं. कापडाला मधे एक लहान उंचवटा आला, त्या उंचवट्यानं खुंटी घरंगळत त्याच्या बोटांपर्यंत आली, आणि उंचवटा खाली बसला.

त्यानं आपले गुडघे बघितले. दोन्ही कापडापासून लांब, दोन बाजूंना फाकलेले होते. त्यानं कापड सोडवलं, वाकून बघितलं. रिकामी फळी, मागची प्लायवूडची भिंत, कोपऱ्यात ऊन न पोचलेला अंधार. फटीतून वारा येत असेल. घर जमिनीपासून उचलून बांधलेलं, खालून वारा येणारच. त्यानं तळहात धरून बघितला. वारा नव्हता. नुसता गारवा होता, विहिरीच्या काठावर असतो तसा.

माणूस घाबरला असता. इसाबुरोही घाबरला, पण आधी त्याला लाज वाटली. हे घेत आलो आपण. दिवा घेतला, नळ्या घेतल्या, आता ही खुंटी. आणि उलट काही दिलं नाही.

तो पेटीतून एक संत्रं घेऊन आला आणि खालच्या कप्प्यात आत, हात पुरेल तिथवर ठेवलं.

"काहीतरीच आहे हे," तो स्वतःला म्हणाला. "पण असू दे."

सकाळी संत्रं होतं तिथंच होतं. त्याला हायसं वाटलं. आपल्या वेडेपणाचं हसूही आलं. त्यानं ते उचललं.

संत्र्याला वजनच नव्हतं. साल सगळीकडून धड होती, देठसुद्धा जागेवर, आणि आत काही नव्हतं.

५

फुसाएला त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी पोकळ संत्रं फेकायचं आणि भरलेलं ठेवायचं, एवढंच. आणि रोज सकाळी चटईवर काहीतरी असायचं.

आधी यायचे ते त्याचेच हरवलेले तुकडे. मग ते घासून आले. त्याच्या कापऱ्या हातानं राहिलेले ओरखडे गेलेले, कडा रेशमी. आयुष्यभर पोलाद घासलेला माणूस तो. असं घासलेलं त्यानं फार थोड्यांचं बघितलं होतं.

आणि मग जे त्यानं केलंच नव्हतं ते यायला लागलं.

पहिला आला कठड्याचा एक लांब तुकडा. डाव्या अंगाला बसेना. उजवीकडे धरला तर चपखल बसला. त्यात मधोमध एक वाक होता, आत दबलेला. त्याच्याखालची नळी त्या वाकाला वळसा घालून गेलेली. मग एक बादली, तिची कडी एका बाजूनं तुटलेली. मग टाकीवरचं झाकण, कोपऱ्यात ठिगळ मारलेलं. सगळं ओलं. चटईवर तुकड्याभोवती पाणी वाळून पांढरी कड उरायची. त्यानं एकदा बोट लावून जिभेला लावलं. खारट.

मीच करतो का हे? पहाटे उठून झोपेत? आरशात बघून त्यानं स्वतःलाच विचारलं. हात तर कापतो. झोपेत कापत नसेल. ऐकलंय असं, माणूस जागेपणी अडखळतो आणि झोपेत घडाघडा बोलतो. हा विचार त्याला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या दिवशी त्यानं वेगळाच विचार धरला, आणि तो गोड होता. उजवी बाजू कुणाला माहीत असणार? त्या बोटीवर जो होता, त्याला.

"दादा," तो कपाटात तोंड घालून हळूच म्हणाला. "घे. गोड आहेत यंदाची."

६

"पेटीचा तळ दिसायला लागला," फुसाए म्हणाली. "एवढी संत्री खाताय, आणि एक साल दिसत नाही."

ती गेली, वाकली, आणि खालच्या कप्प्यातलं, अजून न फेकलेलं आदल्या दिवशीचं संत्रं घेऊन आली. सोलायला म्हणून नख लावलं. नख आरपार गेलं. साल हातात चेपली.

ती खाली बसली. मग त्यानं सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही, आणि तेच त्याला फार भीतीचं वाटलं.

"दादाच आहे गं," तो म्हणाला. "त्याला पोचायचंय. श्राद्धाच्या आधी बोट पुरी व्हावी म्हणून तो हात लावतोय."

"असेल," फुसाए म्हणाली. "तुमचे दादा मी पाहिले नाहीत. असतील तर चांगलंच आहे." तिनं ती चेपलेली साल कागदात गुंडाळली. "आणि नसतील तर?"

"म्हणजे?"

"शेवटचं श्राद्ध आहे. त्या दिवशी दादांच्या नावानं जो बोटीबरोबर देवळात शिरेल, त्यालाच आपण आपला म्हणून आत घेणार. पितरांत बसवणार. त्यानंतर पुन्हा कुणी दादांना हाक मारणार नाही. मग दादा कुठे जातील, सांगा?"

इसाबुरोनं बोटीकडे बघितलं. ती पुरी होत आली होती. त्याच्या हातून झाली नसती इतकी सुरेख.

"तूही ना," तो म्हणाला. "उगाच."

७

दोन दिवसांनी किनुएवहिनी आल्या. श्राद्धाला कोण कोण येणार, भटजींना काय द्यायचं, जेवण कुठे, हे ठरवायला. बोट बघितल्यावर त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी!"

त्या गुडघ्यांवर बसल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला. डावी बाजू बघितली. मग वाकून उजवी बघितली, आणि त्यांचा हात तोंडाशी गेला.

"हा वाक. धक्क्याला बोट घासली होती, शेवटच्या फेरीच्या आधीच्या फेरीला. पुढच्या वेळी आलो की दुरुस्त करू, म्हणाले होते. ही बादली… अगं बाई, ही बादली माझीच. मीच दिली होती, कडी तुटली म्हणून. भाऊजी, तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

इसाबुरोनं फुसाएकडे विजयी नजर टाकली. पाहिलंस? तोच. दुसरं कोण?

फुसाएचाही चेहरा सैल झाला. तिनं चहा आणला, पेटीतली उरलेली संत्री बशीत मांडून आणली.

"घ्या ना, किनुएताई. यंदा गोड निघालीत."

वहिनींनी एक संत्रं सोललं. साल काढताना डोळे टिपता टिपता त्या हसल्या.

"संसार केला तेवढे दिवस मला चोरून खायला लागली ही. एका फेरीला यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. किती तरी दिवस वाहत गेले. जवळ खायला काय, तर कुणीतरी सोबत दिलेल्या संत्र्यांच्या पेट्या. तेव्हापासून नुसता सालीचा वास आला तरी ओकारी यायची यांना. घरात संत्रं आणायचं नाही, शेजारी कुणी सोललं तर खिडकी लावायची. तुम्ही लहान होतात, तुम्हाला कसं माहीत असणार?"

खोलीत सालीचा वास भरून राहिला होता. फुसाएनं किटली तशीच हातात धरली होती. पाठीमागे कपाट आहे हे इसाबुरोच्या मानेला कळत होतं. रोज एक, रोज एक, आणि ते सगळं आतून चाटूनपुसून खाल्लेलं.

"काय झालं, भाऊजी? पांढरे पडलात."

"काही नाही, वहिनी. थंडी आहे."

वहिनी गेल्यावर तो बोटीसमोर बसला. उजव्या अंगाचा तो वाक बघत राहिला. दादाला माहीत होता, हे खरं. पण बोट बुडाली. तळाशी गेली. आणि तेव्हापासून इतकी वर्षं ती तिथं पडलीय, डावी बाजू, उजवी बाजू, सगळी. तिथं तिच्याभोवती फिरून तिला बघणारं दुसरंही काही असू शकतं.

८

आता काय करायचं ते फुसाएनं त्याला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं बोटीवरून एकेक तुकडा उतरवला. जो जो त्याचा नव्हता तो तो. वाकलेला कठडा, बादली, ठिगळाचं झाकण, घासून आलेल्या नळ्या. फुसाए दिवा धरून जवळ बसली. डिंक सुटताना बारीक आवाज यायचा आणि त्या आवाजासरशी खालच्या कप्प्यात काहीतरी अगदी शांत व्हायचं. आधी आवाज होता असं नव्हे. पण शांत व्हायचं.

सगळं त्यानं एका स्वच्छ डबीत भरलं, वर कागद लावला, गाठ मारली, आणि खालच्या कप्प्यात ठेवून दोन्ही हात टेकून वाकला.

"आपले उपकार झाले," तो म्हणाला. "पण हे आमचं नव्हे. राग नसावा."

मग कपाटाची सरकती दारं आणून जागेवर बसवली. डबी तशीच आत राहिली. सकाळीही चटईवर काही आलं नाही, कारण चटईच उचलली होती. पुढे किती तरी दिवस तो शेगडीच्या मेजावर बसून उजवी बाजू स्वतः करत राहिला. कठडा वेडावाकडा झाला. नळ्यांना गाठी राहिल्या. रंग एका ठिकाणी ओघळला. फुसाए म्हणाली, "कुणी बघितलं तर म्हणेल, ही बोट थंडीनं कुडकुडतेय." आणि दोघंही खूप दिवसांनी हसली.

"माझी आहे," इसाबुरो म्हणाला. "दादाला ओळख पटेल."

एकच गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती, ती दोघांच्याही आली नाही. इकडे भेटीच्या निम्मं परत करतात. सगळीच्या सगळी भेट, जशीच्या तशी, गाठ मारून कुणी परत करत नाही. तसं झालं तर देणारा भांडत नाही, चिडत नाही. तो स्वतः उठून येतो. आपलं काय चुकलं ते विचारायला, क्षमा मागायला.

९

श्राद्धाचा दिवस लख्ख उजाडला. आदल्या रात्री पाऊस नव्हता, वाराही नव्हता. याइझूला गेन्गो आपल्या गाडीनं सोडणार होता. इसाबुरोनं काळा कोट घातला. बोट जांभळ्या रुमालात बांधून गाठ वर घेतली आणि ती पुढच्या खोलीत चटईवर, आपल्या शेजारी ठेवली. दार उघडंच होतं. दारातून रिकामी गल्ली दिसत होती, समोरच्या कुंपणावर मांजर ऊन खात होतं.

फुसाए स्वयंपाकघरात पेले विसळत होती. नळ वाहत होता.

"आहे का कुणी घरात?" आवाज आला. मऊ, अदबीचा, किंचित घोगरा. "येऊ का आत?"

"या या, या ना!" फुसाए नळाच्या वरताण ओरडली. "बसा, भाऊजी, हात पुसून आलेच. अहो, त्यांना बसायला द्या!"

इसाबुरो दाराकडे बघत होता. गल्लीत कोणी नव्हतं. मांजरानं मान वळवली होती, पण त्याच्याकडे नव्हे. त्याच्या मागे, घराच्या आतल्या खोलीकडे.

सरकतं दार कसं उघडायचं याची एक रीत असते. बसून, आधी हातभर, मग थांबून, मग दुसऱ्या हातानं उरलेलं. चांगल्या घरच्या माणसांना आया लहानपणी शिकवतात. मागच्या खोलीत कपाटाचं दार तसं उघडलं. हातभर. थांबलं. मग उरलेलं.

मग चटईवर पावलं नव्हे, काहीतरी गुडघ्यांवर सरकत येतंय असा आवाज. पाहुण्यानं मोठ्यांपुढे यावं तसा. इसाबुरोनं वळून बघितलं नाही असं नाही. तो वळला. पण वळतानाच सबंध आयुष्याची सवय त्याच्या पाठीत उतरली. समोर कुणी येऊन टेकतंय एवढं कळल्याबरोबर तो हात टेकून वाकला, कपाळ चटईला लागेपर्यंत.

त्यामुळे त्याला दिसले ते फक्त हात. त्याच्या कापऱ्या हातांच्या समोर, वीतभर अंतरावर, चटईवर टेकलेले दुसरे दोन हात. बोटं जुळवून, रीतीप्रमाणे. फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, आणि जरासुद्धा न हलणारी. त्या हातांखालून पाणी निघून चटईच्या विणीतून पसरत होतं, आणि जांभळ्या रुमालाची कड भिजून काळी होत होती.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. गेन्गोनं हॉर्न वाजवला.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

"अहो," फुसाए म्हणाली. तिचा आवाज जवळ आला नाही. "गेन्गोभाऊजी तर आत्ता येतायत."

इसाबुरोला उत्तर द्यायचं होतं. पण पाहुण्यानं मान वर केल्याशिवाय आपण वर करायची नसते, आणि समोरचा अजून वाकलेलाच होता.